गाठीच्या निदानाचा खर्च: कुठे वाचवायचा, कुठे नाही

स्तनातल्या संशयास्पद गाठीचं पक्कं निदान पिंपरी-चिंचवडमध्ये खासगीत केलं तर साधारण 12 ते 25 हजार रुपये लागतात. महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात तेच काम फार थोड्या पैशांत, काही ठिकाणी फुकट होतं. वय कमी असेल आणि गाठ साधीच वाटत असेल तर दोन-अडीच हजारांतही विषय मिटतो. पण हीच कामं उलट्या क्रमाने झाली, आधी गाठ कापून टाकली आणि मग ती कसली होती ते शोधायला निघालं, तर खर्चाला धरबंद राहत नाही. दुसरं ऑपरेशन, पुन्हा भूल, पुन्हा खाडे. म्हणून खाली दर देताना मी क्रमही सांगत जाणार आहे. पैसे वाचतात ते स्वस्त लॅब शोधून कमी आणि क्रम पाळून जास्त.

दरांबद्दल आधीच सांगायला हवं की हे चिंचवड, निगडी, भोसरी, मोशी ते चाकण या पट्ट्यातल्या खासगी दरांचे ढोबळ अंदाज आहेत. एकाच रस्त्यावरच्या दोन सेंटरांत दीडपट फरक सहज सापडतो. फोन करून विचारायला लाजू नये.

आणि घाबरूनही जाऊ नये. हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पंधरा ते पस्तिशीतल्या मुलींना होणारी, बोटाखालून सटकणारी गुळगुळीत गाठ बहुधा फायब्रोअॅडेनोमा असते. पाण्याने भरलेली सिस्ट असते, पाळीच्या आधी दुखणारा गठ्ठा असतो, अंगावर पाजणाऱ्या आईला पू झालेला असतो, जुन्या माराने चरबी कडक झालेली असते. आपल्याकडे क्षयाची गाठसुद्धा स्तनात होते. दुसऱ्या बाजूला, भारतातल्या स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त होणारा कॅन्सर स्तनाचाच आहे. 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण. दगडासारखी कडक, जागची न हलणारी गाठ, वरच्या कातडीला खळी, बोंड आत ओढलं जाणं, बोंडातून रक्त, काखेत गाठ, यांपैकी काही दिसलं तर पाळी होऊन जाण्याची वाट बघत बसू नये. ‘दुखत नाही ना, मग सोड’ हा सल्ला शेजारणी, सासवा आणि कधी कधी नवरेही देतात. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. पुरुषांनाही ती होते, कमी होते एवढंच.

पहिली पायरी: डॉक्टरांचा हात

खासगी जनरल सर्जनची फी 500 ते 1,000 रुपये. बायका आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जातात, तेही चालतं. मात्र पुढची सुई आणि सुरी दोन्ही सर्जनच्या हातात असल्यामुळे दुसऱ्याच भेटीत सर्जन गाठलेला बरा. दोन्ही स्तन, दोन्ही काखा आणि गळ्याच्या हाडाची वरची बाजू हाताने तपासली गेली पाहिजे. कपड्यावरून गाठ चाचपून सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून दिली असेल, तर ती तपासणी झालीच नाही असं समजावं.

ही हाताची तपासणी क्षुल्लक वाटते, पण तिच्यावरचा एक मोठा अभ्यास मुंबईतल्या वस्त्यांमध्ये झाला. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांचा वीस वर्षं मागोवा घेतला. निम्म्या बायकांना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत होत्या. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, वीज नाही, फिल्म नाही.

दुसरी पायरी: सोनोग्राफी की मॅमोग्राफी

तिशीच्या आत सोनोग्राफी पुरते. या वयात स्तन घट्ट असतात आणि मॅमोग्राफीत सगळं पांढरंच दिसतं. दोन्ही बाजूंची सोनोग्राफी 1,000 ते 2,000 रुपये. चाळिशीनंतर मॅमोग्राफीही लागते, ती 1,500 ते 3,000. दोन्ही एकाच ठिकाणी करून घेतल्या तर बरीच सेंटर दोन्ही मिळून 2,500 ते 4,500 रुपयांत बसवतात. फायदा पैशापुरता नाही. एकच रेडिओलॉजिस्ट दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघतो.

रिपोर्टच्या शेवटी ‘बायरॅड्स’ असा शब्द आणि पुढे आकडा असतो. तो शोधा, बाकीची इंग्रजी पानं नंतर वाचा. 1 आणि 2 म्हणजे काळजी नाही. 3 म्हणजे गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता 2 टक्क्यांहून कमी. बहुतेक वेळा सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी एवढंच करायचं असतं. 4 म्हणजे तुकडा तपासायचा. या 4 मध्ये ए, बी, सी असे पोटभाग आहेत आणि शक्यता 2 पासून 95 टक्क्यांपर्यंत पसरलेली आहे, त्यामुळे नुसतं ‘चार आलंय’ म्हणून रडारड करण्यात अर्थ नाही. 5 म्हणजे शंका दाट. 0 म्हणजे चित्र अपुरं, आणखी तपासणी हवी. शून्य बघून पेढे वाटल्याची उदाहरणं आहेत.

बायरॅड्स 3 आलेल्या मुलीच्या घरचे ‘काढूनच टाका, लग्नात अडचण नको’ म्हणतात. इथे पैसे वाचवायला पूर्ण जागा आहे. हाताची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुई, या तिन्ही गोष्टी एकच सांगत असतील की हा फायब्रोअॅडेनोमा आहे, गाठ लहान आहे आणि वाढत नाही, तर ती काढण्याची गरज नसते. खासगीत अशी गाठ काढायला 30 ते 70 हजार लागतात आणि व्रण राहतो तो वेगळाच. भराभर वाढणारी किंवा तीन सेंटिमीटरच्या पुढे गेलेली गाठ मात्र काढावी, कारण तसाच दिसणारा पण वेगळ्या स्वभावाचा फायलॉइड्स ट्यूमर त्यात लपलेला असू शकतो.

तिसरी पायरी: सुई, आणि कुठली सुई

बारीक सुईची तपासणी म्हणजे एफएनएसी. इंजेक्शनच्या सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचेवर पसरायच्या. खर्च 800 ते 2,000 रुपये, रिपोर्ट एक-दोन दिवसांत. सिस्ट असेल तर पाणी निघून गाठच नाहीशी होते, निदान आणि उपचार एकाच टोचण्यात. पण संशय असलेल्या गाठीसाठी ही तपासणी अर्धवट पडते. सुट्या पेशी दिसतात, त्यांची मांडणी दिसत नाही. कॅन्सर दुधाच्या नळीच्या आत आहे की नळीची भिंत फोडून बाहेर आलाय, हे सुट्या पेशींवरून सांगता येत नाही. औषध ठरवणाऱ्या पुढच्या चाचण्यांसाठीही हा नमुना सहसा पुरत नाही. म्हणजे हजार रुपये वाचवायला एफएनएसी केली की आठवड्याने पुन्हा तुकडा काढायला जावंच लागतं.

बायरॅड्स 4 किंवा 5 असेल तर थेट कोअर बायोप्सी करून घ्या. डॉक्टर तिला ट्रू-कट म्हणतात. जागा बधिर करून कातडीला दोन-तीन मिलीमीटरचा छेद देतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत 14 गेजची सुई गाठीच्या कडेला नेतात आणि स्प्रिंग सोडतात. मोठ्या स्टेपलरसारखा ‘खट्ट’ आवाज होतो. बाई दचकते ती त्या आवाजाला, दुखण्याला कमी. म्हणून चांगला रेडिओलॉजिस्ट आधी एकदा हवेत सोडून आवाज ऐकवतो. असे चार-पाच तुकडे घेतात, प्रत्येक दीड-दोन सेंटिमीटर लांब आणि दीड-दोन मिलीमीटर जाड. ते फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकले की चरबीचे तुकडे वर तरंगतात आणि घट्ट गाठीचे तळाशी बसतात. बाटलीकडे बघूनच डॉक्टरला कळतं की अजून एखादा घ्यायला हवा. नंतर दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायचं, पट्टी लावायची, घरी. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. ‘सुई लावली की पसरतो’ ही भीती गावोगाव आहे. सुईच्या तपासणीने रुग्णाचं आयुष्य घटत नाही. तपासणीच्या भीतीने सहा महिने घरी बसल्यामुळे मात्र घटतं.

खर्च सोनोग्राफीच्या मार्गदर्शनासह आणि तुकड्याच्या तपासणीसह 6 ते 12 हजार. पण बिल एका आकड्यात येत नाही आणि फसगत इथेच होते. फोनवर ‘बायोप्सी 4 हजार’ ऐकून गेलं तर कागदावर बायोप्सी 4,000, बायोप्सी गन 2,500, सोनोग्राफी मार्गदर्शन 1,500, हिस्टोपॅथॉलॉजी 1,800 अशा चार ओळी असतात आणि बेरीज 9,800 होते. त्यात लबाडी असतेच असं नाही; गन एकदाच वापरून टाकायची असते, तिची किंमत खरी असते. फक्त विचारताना ‘सगळं धरून किती’ असं विचारायचं. निदान चाचण्यांवर जीएसटी नाही. बिलात तो लावलेला दिसला तर तिथल्या तिथे बोट ठेवा.

हात लावून स्पष्ट कळणारी मोठी गाठ असेल तर सर्जन ओपीडीतच, सोनोग्राफीशिवाय तुकडा घेऊ शकतो. दीड-दोन हजार वाचतात आणि रीतही बरोबर आहे. गाठ लहान किंवा खोल असेल तर हा मोह नको. नेम चुकला की शेजारच्या निरोगी भागाचा तुकडा येतो आणि रिपोर्ट ‘काही नाही’ म्हणतो. व्हॅक्यूमची बायोप्सी 25 ते 60 हजारांना पडते. मॅमोग्राफीत फक्त चुन्याचे बारीक ठिपके दिसत असतील तेव्हा ती उपयोगी. हाताला लागणाऱ्या साध्या गाठीसाठी कुणी सुचवली तर कारण विचारा.

बाटलीचा प्रवास

या सगळ्यात रुपया न लागणारी पण सर्वांत जास्त बिघडणारी गोष्ट म्हणजे ती बाटली. तुकडा काढल्यापासून तासाभरात 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे, सलाइनमध्ये नाही, आणि त्यात 6 ते 72 तासच राहिला पाहिजे. चाकणच्या छोट्या रुग्णालयात शनिवारी संध्याकाळी काढलेला तुकडा लॅबच्या मुलाने सोमवारी उचलला, लॅब म्हणजे नुसतं कलेक्शन सेंटर, तिथून पुण्याला, पुण्याहून मुंबईला, असं झालं की तीन दिवस कधी सरले कळत नाही. निदान तरीही होतं, पण पुढच्या संप्रेरकांच्या चाचणीत खोटं ‘निगेटिव्ह’ येऊ शकतं. मग वर्षानुवर्षं घ्यायची साधी, स्वस्त गोळी जिला लागू पडली असती, तिला ती मिळतच नाही. त्यामुळे बायोप्सी आठवड्याच्या सुरुवातीला घ्या. बाटलीवर नाव, वय, कुठल्या बाजूची गाठ आणि काढल्याची वेळ लिहिलेली आहे का हे नातेवाइकाने डोळ्यांनी बघावं. तुकडा नक्की कुठल्या लॅबमध्ये तपासला जाणार तेही विचारावं.

रिपोर्टवर सही कुणाची, हेही बघा. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलं आहे. लॅबला एनएबीएलची मान्यता असेल तर उत्तम.

लॅबमध्ये तुकडा मेणात बसवून त्याचा ठोकळा करतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्यातून 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे पापुद्रे कापून काचेवर रंगवतात. साध्या गाठीत दुधाच्या नळ्यांभोवती पेशींचे दोन थर शाबूत दिसतात. कॅन्सरमध्ये बाहेरचा थर नाहीसा होतो, पेशी वेड्यावाकड्या होतात आणि ओळ सोडून आजूबाजूला घुसतात. एवढ्यासाठी चार-पाच दिवस लागतात. ‘उद्या द्या’ म्हणून लॅबच्या मागे लागू नये.

रिपोर्टात काय लिहिलंय

‘बिनाइन’ म्हणजे साधी, ‘मॅलिग्नंट’ म्हणजे कॅन्सरची, हे आता सगळ्यांना ठाऊक असतं. गोंधळ मधल्या शब्दांचा होतो. ‘अटिपिकल डक्टल हायपरप्लेसिया’ म्हणजे कॅन्सर नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही. बहुतेक वेळा तो भाग काढून पूर्ण तपासावा लागतो. ‘डीसीआयएस’ म्हणजे कॅन्सर नळीच्या आतच आहे. ‘इन्व्हेजिव्ह’ म्हणजे बाहेर पडला आहे. बाहेर पडला म्हणजे अंगभर पसरला असं नव्हे. ‘ग्रॅन्युलोमॅटस’ लिहिलं असेल तर क्षयाची चाचणी आधी, क्षयाच्या गोळ्या नंतर. ‘ग्रेड’ 1 ते 3 हा पेशींचा स्वभाव आहे, ‘स्टेज’ वेगळी. ग्रेड 3 वाचून ‘तिसरी स्टेज’ असा निरोप गावाला पोचवू नये.

‘नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी’ एवढं वाचून फाइल बंद करण्याआधी एक काम उरतं. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी 5 म्हणत असेल, हाताला गाठ कडक लागत असेल आणि तुकडा मात्र साधा निघाला असेल, तर ताळमेळ बसत नाही. अशा वेळी बायोप्सी पुन्हा करायची. पुन्हा 8-10 हजार जातात, जीवावर येतं, तरी इथे हात आखडता घेऊ नये.

कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर (या दोन संप्रेरकांच्या) आणि हर-टू या तीन चाचण्या होतात. खर्च 3,500 ते 7,000. नवा तुकडा लागत नाही, ब्लॉक पुरतो. हर-टू 3+ आलं तर त्यावरचं खास इंजेक्शन लागू पडतं. 0 किंवा 1+ असेल तर नाही. 2+ आलं तर ‘फिश’ नावाची चाचणी, 8 ते 15 हजार. फिश सगळ्यांना लागत नाही, पण 2+ असताना टाळूही नये, कारण पुढच्या इंजेक्शनांचा खर्च लाखांत असतो आणि ती उगाच देणं किंवा हवी असताना न देणं दोन्ही महागात पडतं.

तर खासगीतला पूर्ण हिशेब असा: सर्जन 500 ते 1,000, दोन्ही चित्रं 2,500 ते 4,500, कोअर बायोप्सी तपासणीसह 6,000 ते 12,000, तीन चाचण्या 3,500 ते 7,000. एकूण 12,500 ते 24,500.

निदान होण्याआधी ज्यावर पैसे घालवू नयेत त्यांची यादी छोटी आहे. सीए 15-3 ही रक्ताची चाचणी गाठ साधी की कॅन्सरची हे सांगत नाही. 10 ते 20 हजारांचा पेट स्कॅन तुकड्याचा रिपोर्ट येण्याआधी करायचा नसतो, आणि लहान गाठीत बऱ्याचदा नंतरही लागत नाही. बीआरसीएची जनुकीय चाचणी निदानानंतर, गरज असेल तर. शिबिरात कुणी तापमान मोजणाऱ्या यंत्राने स्तन ‘स्कॅन’ करून ओके म्हटलं, तर ते मॅमोग्राफीच्या जागी धरू नये.

पैसे कोण देणार

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसह तपासण्या आणि उपचार नि:शुल्क आहेत. चाकणचं ग्रामीण रुग्णालय आणि औंधचं जिल्हा रुग्णालय यात येतात. चाकणला तुकड्याची तपासणी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथे डॉक्टरांना दाखवून औंधची चिठ्ठी घ्यावी. संत तुकारामनगरचं वायसीएम रुग्णालय महापालिकेचं आहे, तिथे ठरलेलं शुल्क असतं, खासगीच्या मानाने फारच कमी. सर्जन, सोनोग्राफी आणि पॅथॉलॉजी एका आवारात, आणि ते पदव्युत्तर शिक्षणाचं केंद्र असल्यामुळे तुकडा एकाहून जास्त डोळ्यांखालून जातो. मॅमोग्राफीची तारीख कधीची मिळते ते पहिल्याच दिवशी विचारा. लांबची असेल तर तेवढी एक तपासणी बाहेर करून परत तिथेच यावं. शेजारच्या डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मोठा पॅथॉलॉजी विभाग आहे, दर विचारून ठेवावेत.

कारखान्यात कामाला असाल तर ईएसआय (कामगार विमा) आधी बघा. पगार महिना 21,000 पर्यंत असेल तर कंत्राटी कामगारही त्यात येतो. पगाराच्या चिठ्ठीत 0.75 टक्के कापलेले दिसतात, मालक 3.25 टक्के भरतो. नवऱ्याचं ईएसआय असेल तर बायकोलाही लागू. दवाखान्याची चिठ्ठी, मग मोहननगरचं रुग्णालय, तिथे जी तपासणी होत नाही ती पुढे पाठवून करून देतात. रांग लांब असते हे खरं, पण निदान कॅन्सरचं निघालं तर इथे औषधापेक्षाही मोठी गोष्ट मिळते, ती म्हणजे बुडालेल्या पगाराची भरपाई. साधी आजारपणाची रजा 91 दिवस, पगाराच्या 70 टक्के. कॅन्सरला 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. मात्र त्यासाठी दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी आणि त्यात 156 दिवसांची वर्गणी लागते. ठेकेदार दर अकरा महिन्यांनी नाव काढून पुन्हा घालत असेल तर हा हिशेब कुठे तुटतो ते एचआरच्या टेबलावर जाऊन विचारलंच पाहिजे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सगळे शिधापत्रिकाधारक येतात, पांढऱ्या कार्डासकट, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात बसतं. ओपीडीत केलेल्या निदानाच्या तपासण्या मात्र एरवी बसत नाहीत. आणि योजनेची मंजुरी मागताना पहिला कागद मागतात तो बायोप्सीचा रिपोर्ट. खासगीत खिशातून करायचा मुख्य खर्च तेवढा एकच. तो रिपोर्ट हातात असला की पुढची दारं उघडतात. नसेल तर योजनेचा आरोग्यमित्र तरी काय करणार? योजनेची हेल्पलाइन 155388.

कंपनीची मेडिक्लेम असेल तर ‘नुसत्या तपासणीसाठी ॲडमिट व्हा, क्लेम पास करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. केवळ तपासणीसाठीचं दाखल होणं पॉलिसीत साफ वगळलेलं असतं. मात्र त्याच आजारासाठी नंतर खरोखर ऑपरेशन झालं, तर दाखल होण्याआधीच्या 30 दिवसांतल्या, काही पॉलिसींत 60 दिवसांतल्या, तपासण्यांचे पैसे परत मिळतात. तेव्हा सोनोग्राफीपासूनची प्रत्येक पावती जपायची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत वर्षाला 1 लाख 80 हजारांच्या आत उत्पन्न असलेल्यांना मोफत आणि 3 लाख 60 हजारांच्या आत निम्म्या दरात उपचारांसाठी प्रत्येकी 10 टक्के खाटा राखीव आहेत. तहसीलदाराचा दाखला आधीच काढून ठेवा.

खाडे, एसटी आणि काचा

चाकण-महाळुंगेहून पिंपरीला यायचं म्हणजे तळेगाव चौकातच अर्धा दिवस. खाडा पडला की रोजंदारीवाल्या बाईचे पाच-सहाशे गेले, हजेरीचा बोनस गेला तो वेगळा. म्हणून पहिल्या दिवशी सर्जन आणि सोनोग्राफी, दुसऱ्या दिवशी बायोप्सी, तिसऱ्या वेळी रिपोर्ट, अशा तीन खेपांत काम बसवून घ्या. सेंटरला आधी सांगितलं तर जमतं. औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी गुरुवारची सुट्टी असते आणि त्या दिवशी ओपीडी चालू असते. राजगुरुनगर-चाकणकडून एसटीने यायचं तर 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पीएमपीला ती सवलत नाही. कॅन्सरचं निदान झाल्यावर उपचारासाठी टाटाला जायचं तर रेल्वेत स्लीपर आणि थ्री टियर एसीला रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. रुग्णालयाचा दाखला लागतो.

दुसरं मत घ्यायला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागत नाही. लॅबकडे अर्ज करून काचा आणि ब्लॉक मागायचे. नव्या काचा कापून देण्याचे थोडे पैसे लागतात. ब्लॉक रिकाम्या प्लास्टिकच्या डबीत घालून न्यायचा, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, कारण ते मेण आहे. परळच्या टाटाला किंवा पुण्यातल्या दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात तोच ब्लॉक पुन्हा तपासला जातो. ऑपरेशन करून गाठ आधीच काढली असेल, अगदी ‘साधीच होती’ असं सांगितलेलं असेल, तरी ती तपासायला पाठवली होती का आणि रिपोर्ट कुठे आहे, हे लेखी मागा. उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

फोनवर विचारायचे प्रश्न चारच. कोअर बायोप्सी गन, सोनोग्राफी आणि तुकड्याची तपासणी धरून किती? तुकडा कुठल्या लॅबला जातो? रिपोर्टवर सही कुणाची? लागलं तर ईआर-पीआर-हर-टू त्याच ब्लॉकवर होईल का, आणि कितीला? चारही उत्तरं सरळ मिळाली तर तिथे जा. पहिल्याच प्रश्नाला ‘या तर खरं, मग बघू’ म्हणाले, तर पुढचा नंबर लावा.